उकिर्डा सावळा, इयत्ता दुसरी

नाना मिसाळांनी बांधलेल्या भिंतीला ओळंबा लावून बघायची कळस गावात कुणाची टाप नव्हती. गावातली निम्मी घरं, चावडीचा कट्टा, शाळेच्या नव्या खोल्या, सगळ्यांवर या एका गवंड्याचा हात फिरलेला. भिंत सरळ आणि बोलणं तिच्याहून सरळ, असा त्यांचा लौकिक होता. असा हा माणूस १९९४ च्या मार्च महिन्यात तीन दिवस खोटं वागला, आणि तेही पोटच्या लेकीशी.

लेकीचं नाव करुणा. तिला बारामतीच्या एका सरकारी कचेरीत लिपिकाची जागा मिळाली होती. मिळाली म्हणजे हातातोंडाशी आली होती. मागासवर्गीयांच्या वर्षानुवर्षं रिकाम्या ठेवलेल्या जागा भरायचा हुकूम निघाला, सेवायोजन कार्यालयातून तिला कॉल आला, टायपिंगची परीक्षा झाली, मुलाखत झाली आणि यादीत नाव लागलं. नऊ वर्षांतला हा तिसरा कॉल. आधीचे दोन कोरडेच गेले होते.

नऊ वर्षं म्हणजे काही थोडी नव्हेत. बी.कॉम. झालेली, मिनिटाला चाळीस शब्द टाइप करणारी पोरगी या काळात बापाच्या हाताखाली घमेली उचलत होती, नाहीतर दुसऱ्याच्या उसात खुरपत होती. तिच्याच वर्गातला राजवर्धन, बागाईतदार दत्तोबांचा मुलगा, बी.कॉम.ला दोनदा आपटला आणि तरी एका साखर कारखान्याच्या हापिसात चिकटला, कारण दत्तोबा तिथले सभासद. करुणाही त्या खिडकीशी अर्ज घेऊन उभी राहिली होती. आतल्या माणसानं मार्कलिस्ट न उघडताच विचारलं होतं, "शेअर कुणाच्या नावावर हाय?" शेअर उसावर मिळतो, ऊस जमिनीत येतो आणि मिसाळांची जमीन म्हणजे घराखाली होती तेवढीच. बौद्ध वस्तीत शिकलेली पोरं तेवीस, पगार घेणारी चार. वर गाव विचारायला मोकळं, की शिकून काय दिवे लावले?

तर त्या सोमवारी करुणा नेमणुकीचे कागद घेऊन बारामतीला गेली. नाना सोबत होते. टेबलावरच्या कारकुनानं तिचा जातीचा दाखला उलटसुलट करून पाहिला.

"हा सरपंचाच्या पत्रावर दिलेला आहे. कॉलेजच्या फीमाफीला चालला असेल, नेमणुकीला नाही चालणार. वडिलांचा धर्मांतराच्या आधीचा कागद आणा. शाळेचा दाखला, वतनाचा उतारा, काहीही. त्यावर मूळ जात लिहिलेली पाहिजे."

"आन न्हाय घावला तर?" नानांनी विचारलं.

"शुक्रवारी पाच वाजता फाईल वर जाते. मग यादीतलं पुढचं नाव." तो काही वाईट माणूस नव्हता. त्यानं करुणाला विचारलं, "वडिलांची शाळा कुठं झाली?"

"नाना शाळेत गेलेच नाहीत," करुणा म्हणाली, आणि ताठ मानेनं म्हणाली. दर चौदा एप्रिलला ती भाषणात हेच सांगत असे, की माझ्या वडिलांनी शाळेची पायरीसुद्धा पाहिली नाही, वस्तीतल्या रात्रशाळेत स्वतःच्या हिमतीवर अक्षरं गिरवली. वस्ती टाळ्या वाजवायची.

बोलायची वेळ होती ती तीच. नाना टेबलावरच्या काचेकडे बघत राहिले.

कारण नाना शाळेत गेले होते. चांगली दोन वर्षं गेले होते, कळसच्याच शाळेत, सत्तेचाळीस सालापासून. बाकीची पोरं आत बसत आणि हे बाहेर ओट्यावर. तेव्हा त्यांचं नाव नाना नव्हतं. आधीची दोन पोरं दगावली म्हणून आईनं याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर टेकवून पुन्हा उचललं आणि नावच उकिर्डा ठेवलं, म्हणजे नजर लागायची नाही. नजर लागली नाही, पोर जगलं, पण वर्गातल्या पोरांना आयतं कोलीत मिळालं. दुसरीत असताना मास्तरांनी बापाला बोलावून सांगितलं, याच्या डोक्यात काही शिरत नाही, याला तुझ्या कामाला लाव. बाप सावळाराम गावचा वेसकर, वेशीवर राखण करणारा. नवव्या वर्षी पोराच्या हातातली पाटी गेली आणि वेसकराची काठी आली.

जातीची लाज नानांना कधीच वाटली नाही. ज्यांनी जात पाळली त्यांनी लाज वाटून घ्यावी, असं ते चारचौघांत सुनवायचे. लाज होती ती ढ असल्याची. तीच त्यांनी पंचेचाळीस वर्षं मूठ आवळून धरली होती.

सत्तावन्न साली वस्तीतल्या सगळ्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली तेव्हा नाना सतरा वर्षांचे होते. घरातले देव, ती काठी, बापाचे वतनाचे कागद, सगळं एका धोतरात बांधून त्यांनी स्वतःच्या हातानं भीमेच्या डोहात सोडलं. जातीचं एकबी चिटुरं घरात नको म्हणाले. त्याच दिवशी नावही बदललं. आज कुणी म्हणेल कागद तरी ठेवायचे होते. चूक म्हणायची तर म्हणा, पण असली चूक करायला छाती लागते.

एक कागद मात्र डोहात गेला नव्हता. अठ्ठ्याहत्तर साली शाळेच्या खोल्या बांधताना भिंतीतलं कपाट नानांनीच बसवलं, आणि त्यात रचलेल्या जुन्या रजिस्टरांतल्या एकावर १९४७ हा आकडा त्यांनी स्वतः पाहिला होता. त्यांनी ते उघडलं नाही. कपाटाची चौकट तेवढी नीट बसवली आणि परत त्या खोलीत पाऊल टाकलं नाही.

मंगळवारी बापलेक इंदापूरला गेले. वतनाचा उतारा सापडायला महिना लागेल, असं जुन्या दप्तराच्या माणसानं सांगितलं. बुधवारी परत गेले, परत तेच. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, फक्त इथं वळसा घालणाऱ्याला कळसा कुठं आहे ते पक्कं ठाऊक होतं. करुणा या खिडकीवरून त्या खिडकीवर पळत होती, हातापाया पडत होती, आणि नाना तिच्यामागून चोरासारखे चालत होते. दर खिडकीला वाटायचं, इथं तरी मिळू दे, म्हणजे ते रजिस्टर उघडायला नको.

परतीच्या एसटीत करुणा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "जाऊ द्या नाना. उद्या दत्तोबा तात्यांच्या उसात खुरपणी हाय. मी जाते." ती रडली असती तर बरं झालं असतं. ती रडली नाही.

गुरुवारी सकाळी करुणा खुरपं घेऊन गेल्यावर केसरबाईंनी नवऱ्यापुढं भाकरी ठेवली आणि तव्यावरची नजर न काढता बोलायला सुरुवात केली.

"सासूबाईंनी मला तुमचं पयलं नाव सांगितलं व्हतं. लगनाच्या दुसऱ्या वर्सी."

नानांचा घास हातातच राहिला.

"तीस वर्सं म्या ते त्वांडातनं काढलं न्हाय, आन काढणार बी न्हाय. पर त्यांनी हे बी सांगितलं, की पोरगं दोन वर्सं पाटी घिऊन जायचं. पाटी घिऊन कुठं जात व्हता वो तुमी?"

नानांनी घास परत ताटात ठेवला. म्हणाले, "माज्या डोक्यात काय शिरत न्हवतं. तितं तसं लिव्हलं आसंल. पोरगी वाचंल."

"वाचू द्या की," केसरबाई म्हणाल्या. "त्या उसात खुरपं धरण्यापरास ते वाचलेलं बरं."

नाना ताटावरून उठले. शाळेचे मुख्याध्यापक नवे होते. जुन्या नावानं अर्ज लिहिताना नानांचा हात अडखळला, पण लिहिला. मुख्याध्यापकांनी कपाट उघडून रजिस्टर काढलं, पानं उलटली, आणि बोट ठेवून म्हणाले, "नोंद आहे. पण हा मुलगा म्हणजे तुम्हीच, हे लिहून देणारा त्या वर्गातला कुणीतरी आणा."

त्या वर्गातलं आता जिवंत होतं एकच माणूस. दत्तोबा.

दत्तोबा आपल्या उसाच्या बांधावर उभे होते आणि पुढं सरीत बारा बायका खुरपत होत्या. त्यांतली तिसरी करुणा. नानांनी ठरवलं होतं की दत्तोबांना बाजूला घेऊन सांगावं. पण दत्तोबा जागचे हलेनात. "काय आसंल ते हितंच बोल की," म्हणाले.

"शाळंत चला, तात्या. सई पायजे."

"कसली सई?"

करुणानं मान वर केली. खुरप्यांचा आवाज थांबला.

"सत्तेचाळीस सालच्या रजिस्टरात उकिर्डा सावळा म्हून पोरगं हाय," नाना म्हणाले. "ते म्या हाय, असं लिव्हून द्या."

बारा बायकांनी ऐकलं. त्यांतली एक पदर तोंडाला लावून हसली. करुणा हसली नाही. तिच्या हातातलं खुरपं खाली पडलं आणि ती बापाकडे बघत उभी राहिली. दत्तोबा पायानं बांधावरचं ढेकूळ फोडत राहिले. नाही म्हणाले असते तर सगळंच संपत होतं, आणि नाही म्हणायला त्यांना काही कारणही लागलं नसतं.

"तू वट्यावर बसायचास," दत्तोबा अखेर म्हणाले.

"व्हय."

"आन म्या दाराजवळ. गणित आलं न्हाय की तुज्या पाटीवर बघायचो."

नानांना ती थट्टा वाटली. असल्या वेळी थट्टा सुचते याचा त्यांना रागही आला. पण दत्तोबांनी पायात चप्पल सरकवली होती. करुणा मातीच्या हातांनीच मागून आली.

मुख्याध्यापकांनी नोंद मोठ्यानं वाचली. "उकिर्डा सावळा. जात महार. इयत्ता दुसरी." मग त्यांनी चष्मा नीट केला. "प्रगती, फार चांगली. वर्तणूक, चांगली. शाळा सोडल्याचे कारण, बापाचे जागी गावकामास घेतले."

"पुन्यांदा वाचा," नाना म्हणाले.

त्यांनी पुन्हा वाचलं. करुणानं पुढं होऊन स्वतः वाचलं, शाईवर बोट न टेकवता.

"मास्तर म्हनले व्हते माज्या डोक्यात काय शिरत न्हाय," नाना म्हणाले. ते कुणाला सांगत होते ते त्यांचं त्यांनाच माहीत.

दत्तोबा जमिनीकडे बघत होते. "आमच्या आबानं सांगितलं व्हतं मास्तरला, तसं म्हन म्हून. आबा तवा पाटील. तुजा बाप आजारी पडला व्हता, येशीवर मानूस पायजे व्हता."

नानांना संताप आला. पंचेचाळीस वर्षं. या माणसाला एकदा, फक्त एकदा, जत्रेत, पारावर, नाहीतर भिंत बांधताना हे सांगता आलं नसतं? आपली पाटी बघून हा पास झाला, याच्या पोरालाही जागा बसल्या ठिकाणी मिळाली, आणि ज्याची ती पाटी होती त्याची पोरगी याच्याच उसात वाकलेली. नानांच्या तोंडाशी सगळं आलं. मग त्यांनी करुणाच्या मातीनं भरलेल्या हातांकडे पाहिलं.

"सई करा, तात्या," ते म्हणाले.

दत्तोबांनी सही केली.

शाळेचा दाखला मिळाला, पण उकिर्डा आणि नाना एकच, असं प्रतिज्ञापत्र इंदापूरच्या तहसिलीत व्हायचं होतं. गुरुवारी साहेब दौऱ्यावर. शुक्रवारी साहेब आले ते दीड वाजता, आणि शिक्का पडला अडीचला. बारामतीची गाडी लागली ती वाटेत दोनदा थांबली, एकदा उसाच्या ट्रॉल्यांमागे आणि एकदा उगीच. करुणा दर पाच मिनिटांनी शेजारच्या माणसाच्या घड्याळात डोकावत होती. शेवटी त्या बिचाऱ्यानं मनगट तिच्याकडेच करून ठेवलं. स्टँडवरून दोघं धावले. चौपन्न वर्षांचा गवंडी पोरीच्या पुढं धावत होता.

पाचला बारा मिनिटं कमी असताना त्यांनी कागद टेबलावर ठेवले. कारकुनानं दाखला वाचला, प्रतिज्ञापत्र वाचलं, दत्तोबांची सही पाहिली.

"गावातच होतं की हे," तो म्हणाला. "सोमवारी का नाही आणलं?"

"चूक झाली," नाना म्हणाले.

त्यानं दाखला फायलीला टाचला आणि रुजू होण्याचा फॉर्म करुणापुढं सरकवला. ती भराभर भरत गेली. नाव, जन्मतारीख, पत्ता. वडिलांच्या शिक्षणाच्या रकान्याशी येऊन तिचं पेन थांबलं. आजवर प्रत्येक फॉर्ममध्ये तिथं तिनं एकच शब्द लिहिला होता, अशिक्षित. आपणहोऊन लिहिला होता.

तिनं बापाकडे पाहिलं आणि लिहिलं, इयत्ता दुसरी.

नाना तिच्या खांद्यावरून बघत होते. "प्रगती फार चांगली, हे बी लिव्ह," ते हळूच म्हणाले.

"तेवढी जागा न्हाय हितं, नाना."

"बारीक लिव्ह."

कारकुनानं घड्याळाकडे पाहिलं, पण फाईल उघडीच ठेवली. करुणानं डोळे पुसले, पेन धरलं आणि मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं.