पंखा पुसत हुते

पाडवा जवळ आला की काष्टीतल्या त्या आळीत घराघरांतलं सामान अंगणात येतं. माळ्यावरचे डबे, गोधड्या, फळ्या, गाद्या, सगळं उन्हात. बाया नाकाला पदर बांधून झाडत असतात. त्या दिवसांत रेश्मा स्वतःच्या घरची आवराआवर अर्धी टाकून आळीत निघते. आखूड बाह्यांचा ब्लाउज घालते, पदर खांद्यामागं टाकते आणि डावा हात सगळ्यांना दिसेल असा मोकळा ठेवते. मनगटापासून दंडापर्यंत आणि तिथून मानेवर भाजल्याचे व्रण आहेत. कातडी कुठं चकाकते, कुठं पिळवटून गेली आहे. नव्या माणसाची नजर तिथं जाऊन अडखळते. रेश्मा ती अडखळू देते.

तिचं माहेर पाथर्डीकडचं. काष्टीला ती सून म्हणून आली, आणि हे घडलं ते लग्नानंतरच्या दुसऱ्या पाडव्याच्या तोंडावर.

आदल्या दिवशी घरात भांडण झालं होतं. रेश्माला सणाला माहेरी जायचं होतं आणि सासू रतनबाई नाही म्हणाली होती. दोघींचे आवाज चढले. शेजारच्या कौसाबाईनं भिंतीपलीकडून सगळं ऐकलं. दुसऱ्या दिवशी सासूसुना एकमेकींशी अक्षरही न बोलता साफसफाईला लागल्या. नवरा अमृत यानं स्वयंपाकघरातला पंखा उतरवून दिला. पात्यांवर तेलकट काजळीचा थर बसला होता, साबणानं हलायला तयार नव्हता. पूर्वी असल्या कामाला रॉकेल असायचं, पण ते रेशनवर मिळेनासं झालं होतं. मग अमृतनं मोटारसायकलच्या टाकीतून बाटलीभर पेट्रोल काढून दिलं आणि तो उसाला पाणी द्यायला गेला.

बाहेर वारा सुटला होता, धूळ आत येत होती. म्हणून रेश्मानं खिडकी लावून घेतली, परातीत पेट्रोल ओतलं आणि जमिनीवर बसून पाती पुसायला घेतली. पलीकडच्या कोपऱ्यात चुलीवर अंघोळीचं पाणी तापत होतं. ती आणि चूल यांच्यामध्ये अख्खी खोली होती, त्यामुळं तिला काही वावगं वाटलं नाही. पेट्रोलची वाफ डोळ्यांना दिसत नाही आणि जमिनीलगत लांबवर पसरत जाते, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिनं आगीजवळ काही नेलं नाही. आगच जमिनीवरून तिच्याकडं आली. ती येताना तिनं पाहिली. उठायच्या आत हातातलं फडकं पेटलं, परात पेटली आणि अंगावरची नायलॉनची साडी पेटली.

ओरडणं ऐकून रतनबाई धावत आली. दोरीवर नुकतीच धुऊन टाकलेली ओली गोधडी तिनं ओढली, सुनेवर घातली आणि स्वतः वरून आडवी पडली. विझेपर्यंत ती उठली नाही. तिचे दोन्ही तळवे सोलून निघाले.

नगरच्या दवाखान्यात रेश्मा शुद्धीवर आली तेव्हा तिचा बाप सहादेव उशाशी बसला होता. दोन जीपा बदलून तो आला होता आणि त्यानं मनाशी पक्कं धरलं होतं की हे सासरच्यांनीच केलं. त्याच्या भावकीतली एक पोरगी अशीच गेली होती, मरताना ‘स्टोव्ह भडकला’ एवढंच बोलली होती, आणि ते खोटं होतं हे गावाला माहीत होतं. तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला, की भिऊ नको, नाव घे, मी तुला परत तिथं पाठवणार नाही. तो गेला की अमृतचा चुलता यायचा. त्याचं म्हणणं वेगळं. पेट्रोलचं नाव काढू नको, ते अमृतनं दिलं होतं, पोरगा आत जाईल. दूध उतरवताना पदर चुलीत गेला आणि पेटला, एवढंच बोल.

जबाब घ्यायला नायब तहसीलदार आले. त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं. रेश्माचे ओठ सुजले होते, शब्द नीट फुटत नव्हते. तरी ती एकेक शब्द सुटा करून बोलली.

“मी पंखा पुसत हुते. पेट्रोल हुतं. कोपऱ्यात चूल पेटल्याली हुती. मला कुनी पेटवलं न्हाई आन मी सोताला पेटवून घेतलं न्हाई.”

आदल्या दिवशी घरात भांडण झालं होतं का, असं त्यांनी विचारलं.

“झालं हुतं. लिवा. भांडनानं मानूस पेटत न्हाई.”

त्यांनी लेखणी थांबवली. कुणाचा दबाव आहे का, हे विचारणं भाग होतं, ते त्यांनी विचारलं.

“हाय. दोनी बाजूंनी हाय. त्येबी लिवा.”

त्यांनी लिहून घेतलं. पोलिसांनी घर पाहिलं, परात पाहिली, रतनबाईचे हात पाहिले आणि प्रकरण मिटवलं. मिटलं नाही ते लोकांच्या तोंडी. बापाला वाटलं, पोरगी सासरच्यांना पाठीशी घालतेय. चिडून तो निघून गेला आणि कितीतरी दिवस फिरकला नाही. आळीत उलटंच बोललं जाई, की पोरीनं रागाच्या भरात ओतून घेतलं आणि नवऱ्याला वाचवायला पंख्याची गोष्ट रचली. कौसाबाईनं भांडण स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, त्यामुळं तिच्या शब्दाला वजन होतं. दोन्ही बाजूंना हवी तशी गोष्ट मिळाली होती. जे घडलं होतं ते मात्र कुणालाच नको होतं.

रेश्मा घरी आली. कोपर सरळ होत नव्हतं, मान वळत नव्हती. रतनबाई रोज तिच्या हाताला तेल लावून तो ताणायची, आणि दोघी वेदनेनं एकमेकींना शिव्या घालायच्या. भावकीतल्या काहींनी अमृतच्या कानात दुसऱ्या लग्नाचं घातलं. त्यानं त्यांना पुन्हा उंबरा चढू दिला नाही. पण त्या बाटलीबद्दल तो आजवर एक शब्द बोललेला नाही. रेश्मानंही त्याला कधी बोलायला लावलं नाही.

नणंदेनं मायेनं लांब बाह्यांचे, बंद गळ्याचे ब्लाउज शिवून आणले. रेश्मानं ते हातात घेतले, कापड चांगलं आहे म्हणाली आणि तिच्यासमोरच बाह्या कापल्या. “झाकलं की लोक मनाचं भरत्यात,” ती म्हणाली.

पुढच्या पाडव्यापासून तिनं आळीत फिरायला सुरुवात केली. पेट्रोलनं, थिनरनं घरात काही पुसू नका. चूल, गॅस, देवापुढचा दिवा, काही पेटतं असेल तर बाटली उघडूच नका. कचऱ्याचा ढीग कडब्याच्या गंजीजवळ जाळू नका. बोलणं एवढंच. पहिल्या वर्षी बाया तोंडावर हो म्हणून पाठीमागं हसल्या. कुणी म्हणालं, सणाच्या तोंडावर ही अवदसा कशाला दारात. ती दुसऱ्या वर्षीही गेली, तिसऱ्याही.

यंदा ती कौसाबाईच्या घरी पोचली तेव्हा कौसाबाई बाजाराला गेली होती. नवी नातसून ज्योती एकटीच होती. ओसरीत उतरवलेला पंखा, शेजारी थिनरची बाटली, आणि आत देवघरात समई तेवत होती. रेश्मा अंगणातच उभी राहिली आणि नेहमीचं बोलली.

ज्योतीची नजर तिच्या मानेवरून हलेना. शेवटी धीर करून तिनं हळूच विचारलं, “ताई, एक विचारू? आजी म्हणतात, तुमी सोताच पेटवून घेतलं हुतं. खरं हाय का?”

इतक्या वर्षांत हे रेश्माच्या तोंडावर कुणी विचारलं नव्हतं. तिला कौसाबाईचं नाव घेऊन आळी डोक्यावर घ्यावीशी वाटली. पण समोरची पोर विशीची, आणि तिच्या हातातलं फडकं अजून कोरडं होतं.

“न्हाई. मी पंखा पुसत हुते,” ती म्हणाली. “तुला पटंल न्हाईतर न्हाई पटनार, त्ये मागनं बघू. आधी बाटलीचं बूच घट्ट लाव आन ती भाईर आन.”

ज्योतीला पटलं की नाही, कोण जाणे. पण ती उठली, बूच लावलं आणि बाटली अंगणात, रेश्माच्या पायाशी आणून ठेवली. मग रेश्मानं तिला पाणी उकळायला लावलं, त्यात सोडा घातला आणि दोघींनी अंगणात बसून पाती घासली. काजळी सहजासहजी निघत नव्हती. ज्योती वैतागली, थिनरनं कधीच झालं असतं म्हणाली. रेश्मानं मान डोलावली. “झालं असतं,” ती म्हणाली आणि घासत राहिली.

कौसाबाई पिशव्या घेऊन परत आली तेव्हा पाती उन्हात वाळत होती. दोघींना शेजारी शेजारी बसलेलं पाहून ती फाटकातच थांबली. रेश्मानं उठून साडी झटकली, थिनरची बाटली तिच्या हातात दिली आणि ती दुकानात परत करायला सांगितली.