परांचीची भोकं

शारजात राहून मी सतरा वर्षं गवंडीकाम केलं. मशिदींच्या कमानी केल्या, मोठमोठ्या बिल्डिंगी उभ्या केल्या, पण डोक्यात राहिलाय तो पडका किल्ला. नव्वदनंतरची गोष्ट. दुबईतल्या एका शेखाला बागेत विलायतेच्या जुन्या किल्ल्याची नक्कल हवी होती, तीही पडक्या अवस्थेतली. नवा दगड आणून पडकं बांधायचं म्हटल्यावर आमचा अख्खा कॅम्प हसला.

इंजिनियर विलायतेचाच, वयस्कर. त्याने साइटवर फोटो टांगले होते. बुरूज एका अंगाने ढासळलेला. गोल जिना वर जाऊन हवेतच संपलेला. भिंतीत दोन पुरुष उंचीवर शेकोटीची कमान. लाकडी मजले कुजून पडले आणि शेकोटी तेवढी अधांतरी राहिली. आणि भिंतभर ओळीने चौकोनी भोकं.

ती मी बघताक्षणी ओळखली. परांचीची भोकं. भिंत चढेल तसे आडवे वासे भिंतीतच खोवायचे, त्यांवर फळ्या टाकून पुढचा थर घालायचा. साहेबाने आम्हालाही लोखंडी परांची लावू दिली नाही, जुन्याच रीतीने बांधायला लावलं. आता आमची रीत अशी, की काम झाल्यावर वरून खाली येत वासा काढायचा आणि भोक बुजवायचं. उघडं भोक दिसलं की लोक म्हणणार, गवंडी काम टाकून पळाला. बापाने मला हे शिकवलेलं. शाळा काय, तिसरीपर्यंत.

माझा जोडीदार शेजारच्या गावचा. साहेबाचं मोडकं हिंदी त्यालाच कळायचं, म्हणून निरोप तोच आणी. या कामानंतर तो फोरमन होणार होता, मग बायकोला आणणार होता. शारजातल्या रोल्ला भागात खोलीसुद्धा बघून ठेवलेली. तो म्हणाला, "साहेब म्हणतो, भोकं उघडीच ठेवा. मूळ किल्ला कुणाचा ते तिथे पाटीवर लिहिलंय. बांधणाऱ्यांची खूण तेवढीच उरलीय."

"माझ्या भिंतीला भोक राहणार नाही," मी म्हटलं.

"तुझी भिंत? शेखाला सांगून ये आधी," असं म्हणून तो हसत गेला.

पुढचे तीन दिवस तो पलीकडच्या कमानीवर होता. मी वरून खाली एकेक भोक बुजवत आलो. दगडांमधल्या दरजा अशा भरल्या की जागा सापडू नये.

साहेब आला. बराच वेळ भिंतीवरून हात फिरवत राहिला. ओरडला नाही. कुणी केलं, एवढंच विचारलं. जोडीदाराने माझ्याकडे पाहिलं. मी थापी पुसत राहिलो. मग तोच म्हणाला, "साब, मैंने ही बोला था, बंद करने को."

आठवड्याच्या आत त्याला हमरियाच्या साइटवर साधा गवंडी म्हणून धाडलं. भोकं मीच छिन्नीने परत उघडली. कडा ओबडधोबड झाल्या. साहेब म्हणाला, चांगलं दिसतंय, जुनं वाटतंय.

पुढे एका शुक्रवारी जोडीदार रोल्लात चहाच्या दुकानात भेटला. खोलीचं मी विचारलं नाही, त्यानेही काढलं नाही. ग्लास रिकामा करून म्हणाला, "भोकं सारखी पडली का?"

"पडली."

"मग बरं," म्हणाला आणि उठला. वर्षभराने तो कायमचा गावी गेला.

आता मीही गावी असतो. त्याचं घर माझ्या घरापासून चालत अर्ध्या तासावर. गेलेलो नाही. तिथे जाऊन काय बोलायचं ते ठाऊक नाही असं नाही. साहेबाने विचारलं होतं, कुणी केलं. उत्तर दोनच शब्दांचं होतं.