कंदिलाच्या काचेखालची काडी

दुर्ग स्टेशनाच्या पलीकडे रेल्वेच्या क्वार्टरांची एक ओळ होती. तिच्या शेवटच्या क्वार्टरात माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, एकटे राहत. ते पॉइंट्समन, म्हणजे गाड्यांचे रूळ बदलणारे, होते आणि त्या वर्षी निवृत्त होणार होते. भिलाईत पोलादाचा कारखाना उभा राहत होता. मालगाड्या वाढल्या होत्या, आणखी रूळ टाकायचे होते, म्हणून ती ओळ पाडायचे ठरले. दसऱ्यानंतर पाडणार, एवढेच आजोबांना सांगण्यात आले होते.

क्वार्टरामागे, कपडे धुण्याच्या दगडाला लागून, मोगऱ्याचे झुडूप होते. ते आजीने लावले होते. आईच्या लग्नाआधीच आजी गेली. तिचा फोटो कधी कोणी काढला नव्हता, लुगडी वाटली गेली होती. हे माझ्या आईचे, असे म्हणून आईला बोट दाखवता येईल असे ते झुडूप तेवढेच उरले होते.

झुडूप मुळासकट काढून आमच्या भिलाईच्या क्वार्टराला आणायचे, असा पहिला विचार होता. आजोबांनी सब्बल, म्हणजे पहार, लावून पाहिली. मुळे दगडाखालून भिंतीखाली गेली होती. इतके जुने झुडूप उपटून कुठे लागणार नाही, असे त्यांनी आईला सांगितले आणि काड्या न्यायला लावल्या. श्रावणात आईने सहा काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून भिलाईला आणल्या.

त्या काड्या वडिलांनी ताब्यात घेतल्या. ते कारखान्याच्या फाउंड्रीत मोल्डर होते. वाळूत साचा बसवायचा आणि त्यात वितळलेले लोखंड ओतायचे, हे त्यांचे रोजचे काम. वाळूचे काम आपल्यालाच कळते, असे त्यांचे मत होते आणि त्याला घरात विरोध झाला नाही. शिवाय कारखान्यातली कुठलीही वस्तू बाजारातल्या वस्तूपेक्षा चांगली, असे तेव्हा आमच्या क्वार्टरांच्या सगळ्या ओळीत मानले जाई. फोरमनला विचारून त्यांनी टाकून दिलेली काळी वाळू पिशवीतून आणली. ती नेहमीची वाळू नव्हे. तिच्यात चिकणमाती आणि कोळशाची पूड मिसळलेली असते. मुठीत दाबली की बोटांचे ठसे तसेच राहतात.

वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यात त्यांनी काड्या उभ्या केल्या आणि भोवती ती वाळू थराथराने घालून लाकडी ठोकण्याने ठोकून बसवली, साच्याभोवती ठोकतात तशी. काम स्वच्छ झाले होते. डबा आडवा केला तरी एक काडी हलली नाही. ते त्यांनी आम्हाला दोनदा करून दाखवले.

पाणी घातले की ते वरच तळ्यासारखे साचून राही. तिसऱ्या आठवड्यात पाने पिवळी होऊन गळली. वडिलांनी एक काडी ओढून काढली. खालचे टोक काळे पडले होते आणि त्याला वास येत होता. बाकीच्या पाचही तशाच निघाल्या.

"लोखंड ओताचं नव्हतं त्याच्यात," आई म्हणाली.

वडील डबा उचलून बाहेर गेले.

भादव्यात आई पुन्हा दुर्गला निघाली. मी चौथीत होते, तिच्याबरोबर गेले. भिलाईच्या पावर हाउस स्टेशनाहून पॅसेंजरने जायला वेळ लागला नाही. क्वार्टरामागे ठेकेदाराच्या माणसांनी रुळांखाली घालायचे लाकडी स्लीपर आणून टाकले होते. त्यांच्याखाली झुडूप दबले होते, एकच बाजू बाहेर होती. आजोबांनी त्या माणसांना सांगून दोन स्लीपर सरकवून घेतले होते. त्याहून जास्त त्यांना करता आले नव्हते. आईला पाच काड्या मिळाल्या. यापुढे मिळणार नाहीत, हे तिघांनाही दिसत होते.

स्टेशनाच्या बागेतल्या माळ्याकडून ऐकलेले आजोबांनी या वेळी नीट सांगितले. काडी कोवळी नको, जून नको. डोळ्याच्या, म्हणजे पान फुटते त्या गाठीच्या, किंचित खाली कापायची. खालची पाने काढायची, वरची अर्धी छाटायची. वाळू धुतलेली हवी आणि सैल हवी.

आमच्या समोर नव्या क्वार्टरांचे बांधकाम चालू होते. तिथल्या ढिगातून आईने मागून बादलीभर वाळू आणली. ती शिवनाथ नदीची होती. पाणी नितळ येईपर्यंत ती धूत राहिली. डब्याच्या बुडाला खिळ्याने छिद्रे पाडली आणि वाळू सैल भरून पाचही काड्या खोचल्या. घरात वीज आल्यापासून दोन कंदील खुंटीला लटकत होते. त्यांच्या काचा काढून तिने दोन काड्यांवर ठेवल्या आणि वरच्या तोंडांवर कौलाचे तुकडे झाकले. उरलेल्या तिन्हींना काच नव्हती. डबा व्हरांड्यात सावलीला गेला.

उघड्या तिन्ही काड्या आठ दिवसांत वाळल्या. काचेखालची एक पुढे सडली. एक राहिली. तिच्या काचेला सकाळी आतून दव धरलेले असे.

वडील ड्यूटीवरून आले की आधी व्हरांड्यात वाकून बघत. एका संध्याकाळी त्यांनी काच उचलली.

"एकदा काढून पाहू न. मुळं आली का नाही, कसं समजंन?"

"ठेवा ते खाली."

"आमी साचा फोडूनच पाहतो."

"तुमचं लोखंड थंड झालेलं राहते," आई म्हणाली. "हे अजून बनून राहिलं. हात नका लावू."

त्यांनी काच जागेवर ठेवली.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी आजोबा एक ट्रंक आणि वळकटी घेऊन आमच्याकडे राहायला आले. ओळ सकाळीच पाडली होती. भिंत मागच्या बाजूला पडली, असे त्यांनी सांगितले. मागच्या बाजूला काय होते ते आईला माहीत होते. तिने चहा ठेवला.

मग ती त्यांना व्हरांड्यात घेऊन गेली. आजोबा उकिडवे बसले. काच बाजूला केली, काडी दोन बोटांत धरली आणि वर ओढली, अगदी थोडी. सैल वाळूतूनही ती वर आली नाही. त्यांनी पुन्हा ओढून पाहिली.

"धरलं," ते म्हणाले. "तूच पाहा, बाई."

आईने हात पदरात घेतले. "मले नाही पाहाचं. तुमी म्हणता त झालं."

वडील दारात उभे होते. आजोबांनी त्यांच्याकडे मान वळवली. "जावईबापू, या. तुमी पाहा."

वडिलांनी आधी आईकडे पाहिले.

"पाहा," ती म्हणाली. "ठोकू नका फक्त."

आजोबा हसले. वडील त्यांच्या शेजारी बसले, एक बोट काडीला लावले आणि काढून घेतले. मग काच त्यांनीच परत ठेवली, कौलाचा तुकडा वर नीट बसला का ते पाहून.