बट्टीवरचं तूप

कढवलेल्या तुपाचा वास आला की बहिणीच्या साक्षगंधाची पंगत आठवते. वरणासोबतच्या कणकेच्या बट्टीवर तूप घरधन्यानंच वाढायचं, ही आमच्या सोनाळ्याकडची रीत. बाबांना कंपवात होता. डॉक्टरांची गोळी हाताची थरथर आणि मनाची उदासी, दोन्हींवर होती, पण हात थांबायला तासभर लागे. होणाऱ्या व्याह्यांच्या सदऱ्यावर तूप सांडलं, तसं मी बाबांच्या हातातून भांडं ओढलं. "थांब जरा, आताच गोळी घेतली म्या," ते म्हणाले. "लोक पाहून राह्यले बाबा, तुम्ही बसा." पंगत उठल्यावर ते आले आणि माझ्यासमोर हात धरला. तो जराही हलत नव्हता. "आता वाढू?" उष्ट्या पत्रावळ्या उचलणं चालू होतं. बाबा गेल्यापासून तूप मीच वाढतो. माझा हात हलत नाही, आणि त्याचीच लाज वाटते.