कडेच्या जाहिराती

खुर्ची कुठलीही असो, तो बसला की त्याचा पाय जमीन दाबायला लागायचा. न्हाव्याकडे, बँकेत, जेवणाच्या टेबलाखाली.

कुणी हाक मारली तर नुसते डोळे वळवायचे नाहीत. सगळी मान वळवायची.

चहा ओतताना एक बोट कपाच्या काठावर.

रस्त्याने चालायचं ते भिंतीच्या बाजूने. खांदा भिंतीला लागेल न लागेल असा.

दार सताड उघडं असलं तरी आत शिरण्याआधी चौकट चाचपायची.

आणि सिग्नल हिरवा झाला की, गाडीत नसतानाही, पुटपुटायचं, "चला, निघा."

पहिल्या सवयीमुळे त्याचं नाव ब्रेकमास्तर पडलं. बाकीच्या सवयींकडे कुणी लक्ष दिलं नाही. ड्रायव्हिंग शिकवणारा माणूस मान वळवून बघणारच, असं सगळे धरून चालले. आरशावर विसंबू नका, मान वळवा, हे तो प्रत्येक शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगे. आता तो स्वतः जेवतानाही मान वळवत होता. लोकांना त्याचं हसू येई. त्याला ते सोयीचं होतं.

खरी गोष्ट अशी होती की त्याला कडेचं दिसेनासं झालं होतं. समोरचं लख्ख दिसे. पाटी वाचता येई, सुईत दोरा ओवता येई. पण समोर बघताना दोन्ही बाजूंचं जग कुणीतरी हळूहळू आत दुमडत आणलं होतं. शेजारचा माणूस एकदम उगवायचा. टेबलाचा कोपरा मांडीत घुसायचा.

डॉक्टरकडे तो गेला नाही. डॉक्टर काहीतरी लिहून देणार, ते परवाना कार्यालयात कळणार, परवाना जाणार. मग काय उरतं? त्याला दुसरं काही येत नव्हतं. ड्रायव्हिंग स्कूल मेव्हण्याचं होतं. मेव्हणा त्याला रस्त्यावर टाकणार नाही, हे त्याला माहीत होतं. ऑफिसात बसवेल. पावत्या फाडायला देईल. आल्यागेल्याला सांगेल, हे आमचे भाऊजी, पूर्वी शिकवायचे. तो "पूर्वी" त्याला ऐकायचा नव्हता.

म्हणून एका दुपारी, ऑफिसात कुणी नाही असं बघून, त्याने कॉम्प्युटरला विचारलं.

ऑफिस म्हणजे एक खोली. काचेचा दरवाजा, भिंतीला टेकवलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, मागच्या खिडकीतून दिसणारं सरावाचं मैदान. मधल्या टेबलावर कॉम्प्युटर. शिकायला येणारे त्यावर वाहतुकीच्या नियमांची प्रश्नपत्रिका सोडवत. मधल्या वेळात तो कुणीही वापरे. मेव्हणा क्रिकेटचा स्कोअर बघे, ऑफिस सांभाळणारी मुलगी पुस्तकं धुंडाळी.

त्याने टाइप केलं: कडेचं दिसत नाही.

पानं उघडली. प्रत्येक पानाच्या खाली एक चौकट वर आली. आम्ही कुकीज वापरतो, आमचे भागीदारही वापरतात, आपला अनुभव सुधारण्यासाठी, असं काहीबाही. त्यात एक ठसठशीत हिरवं बटण होतं. सगळं मान्य.

हिरवं दिसलं की निघायचं. उभं आयुष्य त्याने हेच शिकवलं होतं. त्याने ते दाबलं. पुढच्या पानावरही दाबलं. डोळ्यांच्या दवाखान्याचं पान, औषधांच्या दुकानाचं पान, रुग्णांनी एकमेकांना धीर देण्याचं पान. जिथे हिरवं आलं तिथे त्याने मागेपुढे पाहिलं नाही. काचबिंदू हा शब्द त्याने त्या दुपारी पहिल्यांदा नीट वाचला. गेलेली नजर परत येत नाही, असं तिथे होतं. उरलेली टिकवता येते, असंही होतं. पहिलं वाक्य त्याच्या डोक्यात राहिलं. दुसरं राहिलं नाही.

सगळी पानं बंद करून तो उठला. आपण कुणाला काही सांगितलेलं नाही, एवढं समाधान त्याला होतं.

त्याच आठवड्यात मेव्हणा कॉम्प्युटरसमोर बसून हसायला लागला.

"भाऊजी, याला म्हातारपण आलं बरं का. सारखा डोळे तपासा, डोळे तपासा म्हणतोय."

ब्रेकमास्तरने सगळी मान वळवली. "कोण म्हणतोय?"

"हा डबा. स्कोअर बघावा तर डोळे, भाव बघावा तर डोळे. आपल्यात कुणाला दिसत नाही बुवा?"

"तुलाच. काल रिव्हर्स घेताना कुंडी फोडलीस."

"ती कुंडी मधे आली," मेव्हणा म्हणाला आणि बाहेर गेला.

ब्रेकमास्तर पटकन खुर्चीत बसला. स्क्रीनवर स्कोअर होता. त्याने वरपासून खालपर्यंत बघितलं. नुसता स्कोअर. डोळ्यांचं कुठे काही नव्हतं.

म्हणजे डबा म्हणतोय वगैरे थाप आहे. हा टोमणा मारतोय. याला कळलंय.

त्या दिवसापासून त्याच्या जिवाला स्वस्थता नाही. मेव्हण्याने संध्याकाळचा एक शिकाऊ दुसऱ्या शिक्षकाकडे दिला, तर त्याला वाटे, संध्याकाळी दिसत नाही म्हणून. मेव्हण्याने विचारलं, दमलात का, तर त्याला वाटे, हा खुंटा हलवून बघतोय. प्रश्नपत्रिका सोडवणारी मुलं स्क्रीनकडे बघून एकमेकांना कोपर मारत. त्याला वाटे, आपल्यालाच हसतायत. तो उठे, बाहेर जाई, मैदानाला चक्कर मारून परत येई, पुन्हा बसे. पाय जमीन दाबत राही.

घरी वेगळं नव्हतं. बायको रात्रीच्या स्वयंपाकाआधी टॅबलेटवर विणकामाचे नमुने बघत बसे.

"अहो, हे बघा की. मी स्वेटरचा गळा बघायला गेले तर दवाखान्याची बाई दात काढतेय. नजर जपा म्हणे. माझ्या चष्म्यावर कुणाचा डोळा आहे कोण जाणे."

तो ताडकन उठला. "तुझ्या भावाने काय सांगितलं तुला?"

"माझ्या भावाने?"

"फोन आला होता ना त्याचा?"

"आला होता. कुंडीला कुठली माती घालू विचारत होता." तिने चष्मा काढला. "काय सांगायचंय त्याने? काय झालंय?"

"काही नाही."

"काही नाही तर ओरडता कशाला?"

तो गॅलरीत गेला. ती आतून बघत राहिली. तो आत यायला वळला तेव्हा तिने आपोआप वाटेतलं स्टूल बाजूला केलं. स्टूल सरकल्याचा आवाज त्याने ऐकला. हिलाही कळलंय, असं त्याच्या मनाने घेतलं. खरं तर ती रोज तिथून झाडू मारत होती आणि स्टूल रोज सरकवत होती.

दुसऱ्या दिवशी तो वेळेआधी ऑफिसात गेला. ऑफिस सांभाळणारी मुलगी एकटीच होती. साहित्य शिकलेली म्हणून तो तिला कवयित्री म्हणे. तिने जन्मात एक ओळ लिहिली नव्हती. नोकरी मिळेपर्यंत म्हणून इथे आली आणि राहिली. डबा खाताना दोघांची गट्टी जमली होती. ती त्याला गोष्टी सांगे, तो शेवट आधीच ओळखे आणि ती चिडे.

"कवयित्री, खरं सांग. इथे माझ्यामागे काय बोलणं चाललंय?"

"तुमच्यामागे? तुम्ही मागे राहू देता का कुणाला? मान फिरवून बघता."

"थट्टा नको गं. डोळ्यांचं काय चाललंय?"

"ती जाहिरात होय!" ती हसली. "ती काय, दिवसभर इथेच असते. आताही आहे."

"कुठे?"

"ही काय."

"कुठे गं?"

तिने स्क्रीनच्या उजव्या टोकाला बोट टेकवलं. त्याने मान वळवली. तेव्हा कुठे ती दिसली. पांढऱ्या कोटातली बाई, हसरी. खाली मोठ्या अक्षरात: कडेची नजर कमी होतेय? काचबिंदू असू शकतो. ती तिथेच होती, रोज. स्कोअरच्या शेजारी, वाहतुकीच्या प्रश्नांच्या शेजारी. सगळ्या ऑफिसला दिसत होती. एकट्या त्याला सोडून.

मुलीने आधी स्क्रीनकडे बघितलं. मग त्याच्या मानेकडे. तिचं हसू गेलं.

"मास्तर, हे तुम्ही शोधलंत?"

त्याने पुन्हा त्या बाईकडे बघितलं. मग म्हणाला, "यांना कुणी सांगितलं?"

"तुम्हीच."

"मी कुणाशी चकार शब्द बोललो नाही."

"बोलावं लागत नाही. तुम्ही पान उघडलंत, मान्य म्हणालात. ते पान या मशीनमध्ये एक बारीकशी खूण ठेवून जातं. तिला कुकी म्हणतात. पुन्हा गेलात की ते खुणेवरून ओळखतं, हाच तो. पण खूण एकाच पानाची नसते. जाहिरातवाल्यांची पण असते. तेच जाहिरातवाले स्कोअरच्या पानावर असतात, बातम्यांच्या पानावर असतात. खूण दिसली की म्हणतात, हा डोळ्यांचा."

"नाव माहितीये त्यांना माझं?"

"नाव कशाला हवंय? या मशीनवर कुणालातरी कडेचं दिसत नाही, एवढं पुरतं."

"मग घरी कशी आली? बायकोच्या टॅबलेटवर, विणकामात?"

"तिच्या टॅबलेटवर तुमचंच खातं आहे ना? मेलचं? इथेही तेच उघडं असतं. खात्यामुळे त्यांना कळतं, दोन्हीकडे एकच माणूस."

तो खुर्चीत मागे रेलला. इतके दिवस मेव्हण्याला, बायकोला, पोराटोरांना त्याने मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. कुणाला काही माहीत नव्हतं. घरभेदी होता तो हा डबा.

"मग विचारतात कशाला, मान्य आहे का म्हणून?"

"नको म्हणता येतं की. नाकाराचं बटण असतं."

"नसतं. मी बघितलं. हिरवं एकच असतं."

तिने दवाखान्याचं पान काढलं. चौकट वर आली. मधोमध हिरवं. तिने पार कडेला बोट नेलं. पांढऱ्यावर फिकट करड्या अक्षरात, बारीक, लिहिलं होतं: पर्याय निवडा. त्याच्या आत गेलं की नाकारा. त्याने मान वळवली, वाकला, नाक काचेला लागेपर्यंत गेला. तरी ती करडी अक्षरं त्याला पांढऱ्यातून वेगळी काढता येईनात.

"मास्तर," ती हळूच म्हणाली, "किती दिवस झाले?"

"पुसता येतं का हे?"

"येतं. मी विचारलं ते—"

"पूस."

तिने सेटिंग उघडलं. सगळ्या खुणा पुसल्या, शोधलेलं पुसलं, त्याचं खातं बंद केलं. पान पुन्हा उघडलं तर कडेला मिक्सरची जाहिरात होती. त्याने मान वळवून खात्री केली. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखा तो हसला.

"झालं. विसरलं मशीन."

"मशीन विसरलं," ती म्हणाली. "डॉक्टरकडे कधी जाताय?"

"जातो."

"कधी?"

"अगं, जातो म्हटलं ना. आणि कुणाला बोलू नकोस."

ती हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. तेवढ्यात फुलवाली आली, तिचा तास होता.

फुलवालीचं कोपऱ्यावर दुकान होतं. पहाटे बाजारातून स्वतः माल आणायचा म्हणून या वयात ती गाडी शिकत होती. तिचा हात सावध होता. ब्रेकमास्तरला ती आवडे, कारण ती न विचारता काही करत नसे. त्या दिवशी तो खुशीत होता. तिला तो मोठ्या रस्त्याने नेत होता, चेष्टा करत होता. "बाई, गाडी आहे, हारांची टोपली नाही. जरा पळवा." सिग्नल हिरवा झाला. तो म्हणाला, "चला, निघा."

तिने गाडी सोडली आणि लगेच कचकन ब्रेक मारला. दोघं पुढे आपटले. मागून हॉर्न.

त्याच्या पायाशीही ब्रेक होता. त्याने तो दाबला नव्हता.

"ब्रेक का मारलात? रस्ता मोकळा होता!"

फुलवाली पांढरीफटक पडली होती. तिने हात उचलून त्याच्या बाजूला दाखवलं. त्याने मान वळवली. बॉनेटला चिकटून एक सायकल आडवी उभी होती. मागच्या छोट्या सीटवर एक मूल बसलेलं. सायकलवरची बाई त्याच्याकडेच बघत होती. ती ओरडतही नव्हती.

सायकल निघून गेली. पुन्हा हॉर्न वाजला.

"मास्तर, ती तुमच्या अंगावरूनच आली की," फुलवाली म्हणाली. "तुम्हाला दिसली नाही?"

"घ्या, पहिल्यात घ्या," तो म्हणाला. आवाज त्याला स्वतःचा वाटला नाही. "मैदानाकडे घ्या."

तिने गाडी मैदानावर आणली. फुलवालीचं शिक्षण एका गोष्टीपाशी अडलं होतं. आखलेल्या दोन रेघांच्या मधे गाडी मागे घ्यायची. परीक्षा जवळ आली होती आणि नेमकं हेच तिला जमत नव्हतं. तिने रिव्हर्स टाकला. गाडी हळूहळू मागे जायला लागली. "आता वळवा," तो म्हणाला. तिने वळवलं. "अजून." गाडीचं मागचं चाक रेघ ओलांडून आत आलं. "आता सरळ—" तो म्हणाला आणि थांबला. सवयीने त्याने मान एका बाजूला वळवली. मग दुसऱ्या बाजूला. मग तो नुसताच समोर बघत राहिला.

"हँडब्रेक ओढा. इंजिन बंद करा. मी आलो."

मेव्हणा ऑफिसात होता. मुलगी होती.

"काय गंमत भाऊजी," मेव्हणा म्हणाला, "ते डोळ्यांचं गेलं बघा. आपोआप."

"आपोआप नाही. ते माझं होतं."

मेव्हणा हसला. मग मुलीकडे बघितलं. ती हसत नव्हती. मग त्याने भाऊजींकडे बघितलं.

"कधीपासून?"

"आज एक पोर गाडीखाली आलं असतं. मला दिसलं नाही. फुलवालीने वाचवलं." त्याने गाडीची दुसरी किल्ली टेबलावर ठेवली. खाली बसला नाही. "त्या दवाखान्याचं नाव काय होतं? मघाशी पुसलं ते."

मुलीने कीबोर्ड जवळ ओढला. मेव्हण्याने भाऊजींच्या दंडाला धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. "मी नेतो. आत्ता नेतो. चला." बाहेर पडताना ब्रेकमास्तरने खिडकीतून मैदानाकडे बघितलं.

गाडी तिरकी उभी होती. अर्धी रेघांच्या आत, अर्धी बाहेर. फुलवालीने काच खाली केली होती आणि डोकं बाहेर काढून ती विचारत होती, "मास्तर, आता कुठल्या बाजूला वळवू?"