वहिनींची उलटतपासणी

आमच्या घरात दोन वकील. एक माझ्या थोरल्या वहिनी आणि दुसरा मी. यवतचे लोक मात्र आम्हाला 'वकीलबाई' आणि 'वकीलबाईंचे दीर' असंच ओळखत. सनद दोघांकडंही होती. माझी भिंतीवर होती, त्यांची वापरात.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं होती. हायवेच्या कडेनं कारखाने उभे राहत होते आणि कामगाराची बाजू घेणारा वकील म्हटला की लोक पुण्याकडं बोट दाखवत. वहिनी यवतलाच बसल्या, आमच्या पडवीत. मालकांची कामं त्या घेत नसत. "दोन्ही घरचा पाहुणा उपाशी," म्हणायच्या. एकाच घरचा पाहुणाही कधीकधी उपाशी राहतो, हे मी त्यांना सांगून पाहिलं होतं.

एके सकाळी मांडवगण फराटा गावचा, कारखान्यात पत्र्याच्या प्रेसवर काम करणारा एक तरुण ऑपरेटर त्याच्या वडिलांना घेऊन आला. पहिली पाळी संपवून तो निघाला होता, तेवढ्यात सुपरवायझरनं दुसऱ्या पाळीलाही थांबायला सांगितलं. हा थांबला नाही. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेटवर गेला, तर वॉचमन म्हणाला, तू नोकरी सोडलीस.

"बाई, मेंढरं इकली म्या," म्हातारा म्हणाला. "पोरगं पर्मनंट झालं म्हून इकली. आता कुठं रानोमाळ हिंडू?"

मी तोवर फायलीत लिहूनही टाकलं होतं: वाद झाला, अर्जदार निघून गेला. वहिनींनी ते वाचलं.

"भाऊजी, 'निघून गेला' हे तर कंपनीचं म्हणणं आहे. तुम्ही कुणाच्या बाजूचे?"

मग त्या पोराकडं वळल्या. "जसं बोलणं झालं तसं सांगा. शब्दाला शब्द. शिव्या असतील तर शिव्यांसकट."

ही त्यांची नेहमीची रीत. पोरगा लाजून लाल झाला. "बाईमाणसापुढं कसं सांगू?"

"मग भाऊजींच्या कानात सांगा. ते मला सांगतील."

त्यानं सांगितली. चांगली ऐसपैस शिवी होती, पोराच्या आईपासून विकलेल्या मेंढरांपर्यंत सगळी त्यात मावली होती. आता थोरल्या भावाच्या बायकोपुढं ती उच्चारायची कशी? मी म्हणालो, "एक शिवी दिली."

"कुठली?"

"वाईट."

माझी ती अवस्था म्हाताऱ्याला बघवेना. "अशी आसंल बघा," म्हणून त्यानं ती गल्लीला ऐकू जाईल अशी म्हणून दाखवली. बरोबर तीच!

वहिनींची पापणीही हलली नाही. "आणि यावर तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? हातमोजे ठेवले. 'येतो साहेब' म्हणलं आन् निघालो."

वहिनींनी तेवढंच लिहून घेतलं. मी अजून शिवीच लिहीत होतो.

पुण्याच्या कामगार न्यायालयात कंपनीनं इंग्रजीत लिहून दिलं होतं की हा माणूस 'मी चाललो' असं सांगून नोकरी सोडून गेला. साक्षीला तोच सुपरवायझर उभा राहिला. मी वरच्या कोर्टांच्या निकालांचा एवढा मोठा गठ्ठा बांधून नेला होता, की एसटीच्या कंडक्टरनं त्याचं तिकीट काढायला सांगितलं. वहिनींनी त्याची गाठसुद्धा सोडली नाही.

"गाव कुठलं तुमचं?" त्यांनी सुपरवायझरला विचारलं.

"भांडगाव."

"म्हणजे शेजारीच. हा निघाला तेव्हा तुम्हाला काय म्हणाला? 'जातो साहेब' म्हणाला?"

त्यानं नुसती होकाराची मान हलवली असती तरी पोराची नोकरी कायमची गेली असती. पण सुपरवायझरचा चेहरा असा झाला, जणू मंगलाष्टकं चालू असताना कुणी भांडं आपटलं.

"छ्या, मॅडम! जातो कसं म्हणंल? अभद्र! येतो म्हणाला. 'येतो साहेब.'"

दारातून निघणारा माणूस आपल्याकडं 'जातो' म्हणत नाही. जायचं ते एकदाच.

कंपनीचे वकील ताडकन उठले. "येतो ही नुसती बोलायची रीत आहे. सासरी निघालेली मुलगीसुद्धा येते म्हणते!"

कोर्टात हशा पिकला. मीही हसलो. मग आपण कुणाकडून आलोय ते आठवून थांबलो.

"अगदी मान्य," वहिनी म्हणाल्या. "पण ती येतेही की माहेरी. हाही दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आला होता." आणि सुपरवायझरला विचारलं, "मग गेटवर याला अडवायला कुणी सांगितलं?"

त्यानं खाली बघितलं. "ऑफिसातनं सांगितल्यालं."

परतीच्या एसटीत मी विचारलं, "वहिनी, त्याच्या तोंडात 'जातो' तुम्हीच घातलंत. तो 'हो' म्हणाला असता तर?"

"सरळ विचारलं असतं तर पढवलेलं उत्तर आलं असतं. चुकीचं विचारलं, म्हणून दुरुस्त करायला धावला. आपली माणसं एक वेळ खोटं बोलतील भाऊजी, अभद्र बोलायची नाहीत."

इतकी वर्षं मी कायदा शिकत होतो. त्या माणसं शिकत होत्या, आणि तेही मला पिशव्या उचलायला लावून.

निकाल आला: कामावर परत घ्या. निकाल हातात पडला म्हणजे काम संपलं, असं मला वाटे. वहिनी मात्र अशा वेळी माणसाबरोबर गेटपर्यंत जायच्या. या वेळी बापलेक आणि आम्ही दोघं गेलो. ऑफिसातला माणूस गेटवर येऊन म्हणाला, "उद्या बघू."

"बघा की सावकाश," म्हणत वहिनी वॉचमनच्या स्टुलावर बसल्या. वॉचमन उभाच राहिला.

पाळीचा भोंगा झाला आणि तो सुपरवायझर बाहेर आला. आता भांडण होणार म्हणून मी वकिलाला शोभेल अशा बेतानं वहिनींच्या मागं सरकलो. त्यानं पोराकडं नुसतं पाहिलं.

"तुझ्या मशीनवर नवीन माणूस दिलाय, पार वाट लावली त्यानं. चल, हो आत."

पोरगा वहिनींच्या पाया पडायला वाकला.

"पाया नंतर पडा," त्या स्टुलावरून उठत म्हणाल्या. "आधी गेटच्या आत व्हा."

तो आत गेला. वॉचमननं गेट ओढून घेतलं, आणि म्हातारा गजांना धरून प्रेसचा आवाज सुरू होईपर्यंत तिथंच उभा राहिला.