मोतीराम कंपाउंडरची गिधाडं

भीमपुराच्या पुढे दोन कोसांवर, पैनगंगेच्या काठाला करंजवाडा आहे. नदीच्या पलीकडे महाराष्ट्र, अलीकडे तेव्हाचा आंध्र. माणसांना पलीकडे जायचं तर नाववाल्याच्या पाया पडावं लागे. गिधाडं मात्र सकाळी आंध्रात जेवत आणि दुपारी महाराष्ट्रात अंग वाळवत. त्यांची घरटी अलीकडच्या काठावर, अर्जुनाच्या सात झाडांवर होती. पांढऱ्या सालीची, तीन माणसांच्या कवेत न मावणारी झाडं ती. खिडकीतून दिसत, म्हणून शाळेतल्या मुलांचं अर्धं लक्ष तिकडेच. एकदा गुरुजींनी विचारलं, नऊ अठ्ठे किती? भिवाजीच्या मोतीरामनं खिडकीबाहेर बघत बघत सांगितलं, त्रेसष्ट. छडी बसली. पण त्या दिवशी झाडांवर गिधाडं त्रेसष्टच होती, यात त्याला शेवटपर्यंत शंका नव्हती.

या मोतीरामचा बाप भिवाजी गावातली मेलेली ढोरं ओढायचा. कुणाचा बैल मेला, गाय मेली की दारात निरोप यायचा आणि भिवाजी खुंटीवरचा अंबाडीचा दोर खांद्यावर टाकून निघायचा. ढोर गावाबाहेरच्या माळावर नेऊन टाकायचं, पुढचं काम गिधाडांचं. छप्पन सालच्या दसऱ्याला भिवाजी नागपूरला गेला, दीक्षा घेऊन आला, आणि घरात पाऊल टाकायच्या आधी त्यानं खुंटीवरचा दोर काढला. सात वर्षांच्या मोतीरामला हाताला धरून नदीत कमरेएवढ्या पाण्यात गेला आणि दोर सोडून दिला.

"पाह्यलं?" तो म्हणाला. "याच्यापुढं आपल्या घरचा हात मेल्या ढोराले लागनार नाई. उपाशी राहू. म्हन, लागनार नाई."

"लागनार नाई," मोतीराम म्हणाला. पाणी थंड होतं एवढं त्याला आठवत होतं.

गावानं सहा महिने त्यांना कामाला बोलावलं नाही. त्या दिवसांत घरात अंबाडीची भाजी आणि ज्वारीच्या कण्या एवढंच शिजे. मग पाटलाची म्हैस मेली. दोन दिवस गोठ्यात पडून राहिली, शेवटी पाटलानं स्वतःच बैल जुंपले. नाकाला धोतराचा सोगा, एका हातात कासरा; माळाच्या चढावर सोगा सुटला, सोगा धरायला गेला तर कासरा सुटला, आणि बैल पाटलाला मागे ठेवून म्हशीसकट माळावर जाऊन पोचले. भिवाजी दारात बसून हे बघत होता. तोंडावर मुंडासं दाबून इतका हसला की ठसका लागून पाणी पाजावं लागलं. त्या दिवसापासून ज्याचं ढोर त्यानं ओढायचं, हा गावचा रिवाज झाला. दुसराही एक रिवाज मागाहून आपोआप पडला: एकदा माळावर टाकलेल्या ढोराला मालकानं पुन्हा हात लावायचा नाही. नदीत आंघोळ करायची आणि मागे न बघता घरी यायचं.

मोतीराम सातवी झाला आणि भीमपूरच्या ढोरांच्या दवाखान्यात शिपाई लागला. डॉक्टर तेलुगू, आदिलाबादहून आठवड्यातून दोनदा यायचा. बाकीचे दिवस मोतीरामच डॉक्टर. लोक त्याला कंपाउंडर म्हणू लागले. भिवाजी मरेपर्यंत ज्याला त्याला सांगायचा, "आमचा मोतीराम जित्या ढोराले हात लावते. जित्या."

अठ्ठ्याऐंशी सालच्या हिवाळ्यात आदिलाबादच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे सुधाकरराव गळ्यात दुर्बीण अडकवून करंजवाड्यात उतरले. पँटवाला माणूस, हातात वही. नसबंदीवाला आला अशी हूल उठली आणि घटकाभरात गावातले निम्मे पुरुष कपाशीत जाऊन बसले. एकटा मोतीराम पुढे गेला. सुधाकररावांनी दुर्बीण त्याच्या हातात दिली. जन्मभर लांबून पाहिलेलं गिधाड त्याला पहिल्यांदा समोर दिसलं: पाठीवरचा पांढरा पट्टा, गळ्याभोवतीची मऊ लव, आणि पिल्लाच्या चोचीत हळूहळू घास घालणारी ती भयंकर चोच.

"चिमणीपरीस सबुरीनं भरवते हो," तो म्हणाला.

त्या दिवसापासून तो गिधाडांचा झाला. सुधाकररावांनी गावाकडून तीन गोष्टी कबूल करून घ्यायला सांगितल्या: अर्जुनाची झाडं तोडायची नाहीत, कुत्री मारायला मढ्यात विष घालायचं नाही, आणि मेलेलं ढोर पुरायचं नाही, माळावरच टाकायचं. मोतीराम घरोघर फिरला. सुईच्या निमित्तानं त्याला सगळे गोठे उघडे होते. जंगल खात्यानं झाडाखाली तेलुगूत पाटी लावली. खाली मोतीरामनं डांबरानं मराठीत लिहिलं, 'झाड तोडू नये, पाखरू आपलं आहे.' दर रविवारी तो दवाखान्याच्या जुन्या रजिस्टरात गिधाडांची संख्या लिही. बायको चंद्रभागा म्हणे, "लग्नात मले इतकं निरखून नाई पाह्यलं तुमी."

"तू कुठं झाडावर बसली होती?" तो म्हणे.

पंचाण्णव साली झाडांवर एकशे चाळीस गिधाडं होती. अठ्ठ्याण्णवला पन्नास. दोन हजार एकच्या उन्हाळ्यात अकरा. झाडं जागेवर, माळावर ढोरं पडत होती, विष कुणी घातलं नव्हतं. गिधाडं नुसती मान खाली घालून बसायची. आज थोडी, उद्या अजून थोडी, मान पार पायाशी यायची, आणि एखाद्या सकाळी झाडाखाली पडलेलं सापडायचं. एकदा एक जिवंत सापडलं. मोतीरामनं ते पोत्यात घालून दवाखान्यात आणलं, मांडीवर घेऊन गुळाचं पाणी पाजलं. चंपतराव शेतकरी बैल घेऊन आला होता, तो चेष्टेनं म्हणाला, "कंपाउंडर, त्याले बी टोचा ना येक सुई. जाता जाता दुखणं तरी थांबन."

मोतीरामनं चेष्टा मनावर घेतली. बैलाच्या औषधाचा थेंबभर डोस टोचला. दिवस मावळायच्या आत ते मेलं.

दोन हजार चारच्या डिसेंबरात सुधाकरराव एकटेच आले. तोवर अर्जुनावर एकच जोडी उरली होती, घरट्यात अंडं होतं. सुधाकरराव पाटीखाली बसले.

"मोतीराम, ढोरांना दुखण्याची सुई देता ना, पांढऱ्या बाटलीतली?"

"देतो ना. धा वर्षं झाली. लई चांगली हाय. ढोर तडफडत नाई."

"सुई दिलेलं ढोर मेलं, तर ते औषध मांसात राहतं. गिधाडानं ते खाल्लं की त्याची किडनी बंद पडते. तिकडे मोठ्या लोकांनी तपासून पाहिलंय. मान घालून बसतात ना, ते हेच."

मोतीरामनं पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. मग तो दवाखान्यात गेला, दार लावून घेतलं आणि रजिस्टर उघडलं. एका पानावर रविवारची गिधाडं, समोरच्या पानावर आठवड्याच्या सुया. दोन्ही त्याच्याच अक्षरात, दहा वर्षांची. मरायला टेकलेल्या प्रत्येक ढोराला त्यानं दयेपोटी सुई दिली होती. आणि मेल्यावर माळावर टाका, पुरू नका, असं मालकाला बजावलं होतं. गाव त्याच्या शब्दाला जागलं होतं.

त्यानं उरलेल्या बाटल्या दगडावर फोडल्या. घरोघर फिरून सांगितलं, ही सुई नको. लोक ऐकून घेत. पण गोठ्यात बैल तडफडत असला की माणसाला आकाशातलं पाखरू कुठून दिसणार? कंपाउंडर देत नाही म्हटल्यावर कोणी आदिलाबादच्या बाजारातून बाटली आणे आणि आपल्या हातानं टोचे. मग मोतीराम प्रत्येक मेल्या ढोरामागे एकच प्रश्न विचारी, "सुई देल्ली का?" दिली असली तर हातापाया पडून ते पुरायला लावी. माघात घरट्यात पिल्लू दिसलं. कापसाच्या बोंडासारखं पांढरं. मोतीराम रोज दवाखान्यात जायच्या आधी माळावर आणि झाडाखाली चक्कर मारी. ते पिल्लू उडेपर्यंत माळ साफ ठेवायचा, एवढंच त्याचं म्हणणं होतं. अजून दोन महिने.

फाल्गुनातल्या एका सकाळी माळावर चंपतरावाचा बैल पडलेला होता. चंपतराव आंघोळीला नदीकडे निघालाच होता.

"सुई देल्ली का?" मोतीरामनं विचारलं.

"देल्ली. दोन देल्ल्या."

"चंपतराव, म्या काय सांगतलं होतं?"

"तुमी काय बी सांगतलं असन. चार दिवस वरडून राह्यला होता तो. तुमाले हात जोडले, तुमी म्हनले पाण्यानं शेका. चौदा वर्षं मायासंगं राबला. मी काऊन नाई देणार?"

"बरं. झालं ते झालं. आता हा येथून हालवू. त्या घळीत लोटू, माती टाकू."

"टाकलेल्या ढोराले मी हात लावत नसतो. अन् माळावर टाका हे बी तुमीच शिकवलं. तुमचं कोनतं आयकावं मानसानं?"

त्यानं ढोर ओढून आणलेला दोर सोडवला, गुंडाळला आणि मोतीरामच्या पायाशी ठेवला. कुचकेपणानं नव्हे, त्याच्या मनात तसं काही नसावं. "तुमाले लागते तं घ्या," एवढंच म्हणाला आणि मागे न बघता नदीकडे गेला.

सकाळचे आठ वाजले होते. ऊन तापून वारा वर चढल्याशिवाय गिधाड झाड सोडत नाही. म्हणजे दहापर्यंत वेळ होता. बैल आजारानं रोडावलेला, घळ पंधरा पावलांवर, तीही उताराला. समोर दोर. मोतीराम त्या दोराकडे बघत उभा राहिला. अंबाडीचाच होता. त्याच्या पायांना अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीचं थंड पाणी लागलं. आणि त्याला डोळ्यांपुढे दिसलं, की वाटेनं जाणारा एखादा थांबेल आणि म्हणेल, आला रे भिवाजीचा पोरगा परत जुन्या कामावर.

तिथं नुसती काठी घेऊन बसला असता तरी चाललं असतं. चार ढेकळं भिरकावली असती तरी चाललं असतं. हे त्याला मागाहून सुचलं आणि मग जन्मभर सुचत राहिलं. तेव्हा त्याला त्या दोरापासून लांब जायचं होतं. बैलजोडी आणतो, असं स्वतःला सांगत तो गावात गेला. महिपत शेतकऱ्याकडे गेला, त्याची जोडी शेतात वखराला जुंपलेली. दुसऱ्या घरी गेला, तिथे म्हणाले, "दुसऱ्याचं ढोर आमी काऊन वढू? ज्याचं त्यानं, हे तुमच्याच बापानं लावून देल्लं ना?" आणि हसले. तिसऱ्या घरी चहा पुढे आला. त्यानं घेतला. वर पाहिलं तर ऊन पायरीवर आलं होतं.

तो परत धावला तेव्हा दोघंही बैलावर होती. नर आणि मादी, शेजारी शेजारी, सबुरीनं जेवत होती. मोतीराम ओरडला. जिवाच्या आकांतानं दगड मारले. ज्यांना सोळा वर्षांत कुणाला खडा मारू दिला नव्हता, त्यांना. दोघं जड पायांनी धावली, पंख आपटत उठली आणि अर्जुनाकडे गेली. दोघांचे गळे भरून फुगले होते. पिल्लासाठीचा घास त्यातच होता.

चंद्रभागा कुदळ घेऊन आली, तेव्हा तो बैलाशेजारी बसला होता.

"उठा," ती म्हणाली. "कोल्ही-कुत्री येतीन. अजून येखादं उतरन."

"दोर धरा लागते, चंद्रभागे."

"मंग धरू."

"बापाले शबूद देल्ला हाय."

तिनं दोर उचलला आणि बैलाच्या पुढच्या पायांना गाठ मारू लागली. "मामंजीनं पाटलासाठी वढू नोको म्हटलं होतं," ती गाठीकडे बघतच म्हणाली. "पाखरायसाठी नाई."

मोतीराम उठला. दोघांनी मिळून बैल इंचाइंचानं घळीपर्यंत नेला, खाली लोटला, दुपार टळेस्तोवर माती आणि वर बाभळीच्या काट्या टाकल्या. वाटेनं तीन-चार माणसं गेली. ज्या बोलाला तो भ्याला, तो कुणी बोललाच नाही.

दुसऱ्या दिवशी मादीची मान खाली गेली. तिसऱ्या दिवशी नराची. सुधाकरराव बसनं आले, पण साठ हात उंच झाडावर चढणार कोण, आणि चढून करणार काय? पिल्लाची हालचाल आधी थांबली. मग मादी पडली. नर अजून दोन दिवस रिकाम्या फांदीवर, घरट्याकडे तोंड करून बसला होता, मग तोही पडला. त्या रविवारी मोतीरामनं रजिस्टरात शून्य लिहिलं. पुढच्याही रविवारी लिहिलं. मग रजिस्टर चंद्रभागेनं पेटीत ठेवून दिलं.

पुढच्या वर्षी सरकारनं त्या सुईवर बंदी आणली. सुधाकररावांचं तसं कार्ड आलं. मोतीरामनं ते दोनदा वाचून टोपीत खोचलं आणि गायीला पाणी दाखवायला गेला.

नोकरी संपली तरी त्याची माळावरची सकाळची फेरी चुकली नाही. चंपतरावाचा दोर त्याच्या घरी खुंटीवर आहे, जिथे भिवाजीचा असायचा तिथेच. कोणाचं ढोर गेलं की म्हातारा दारात उभा राहतो, "सुई देल्ली का?" बाजारात बाटली अजून मिळते, चोरून. दिली असली, तर तो दोर काढतो आणि चंद्रभागा कुदळ. चंपतराव आताशा तिसरा असतो. येतो आणि ओढू लागतो.

एकदा महिपतनं विचारलं, "कंपाउंडर, धा कोसात गिधाड राह्यलं नाई. आता कोनासाठी पुरून राह्यले?"

मोतीराम माती लोटत होता. दहा वाजत आले होते, ऊन तापलं होतं. त्यानं सवयीनं अर्जुनाकडे पाहिलं. घरट्यातल्या काड्या दर पावसाळ्यात थोड्या थोड्या गळून आता दोन-चारच उरल्या होत्या.

"येखादं वाट भुललं तं," तो म्हणाला. "भुलून आलं तं."